झाकण लावण्याआधी माणसं मोजणारा

माझ्या वहीत त्या दिवसाचं पान अर्धंच आहे. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी दिवसभराचं चार ओळींत लिहून ठेवते. तीस वर्षांत असं पान अर्धं सोडल्याचं आठवत नाही. त्यावर एवढंच लिहिलं आहे: 'टाकी बसवायला आले. सासूबाई म्हणतात, दोघं आलेत. मला एकच दिसला.'

टाकीचं खूळ आमच्या ह्यांचं. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांनी घरातली घड्याळं दुरुस्त केली, म्हणजे बिघडवली, आणि मग परसात मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायचं ठरवलं. जमिनीत पुरलेल्या टाकीत मासे. ते पाणी पंपाने वर खडीच्या वाफ्यांत चढणार, तिथे पालेभाजी त्यातली माशांची घाण खाणार, आणि स्वच्छ झालेलं पाणी नळीने परत खाली माशांकडे.

सासूबाईंनी हे सगळं पलंगावरून नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मासे भाजीला पोसणार, भाजी माशांना पोसणार. आणि तू रे?"

"मी लक्ष ठेवणार."

"म्हणजे नेहमीचंच."

टाकी जमिनीत हवी, कारण तिथे पाणी उन्हाळ्यातही थंड राहतं. हार्डवेअरच्या दुकानदाराने माणूस सुचवला. म्हणाला, "हात लाख मोलाचा आहे. फक्त त्याच्याशी वाद घालू नका. तो जे करायला सांगेल ते करा, हसू नका. नाव काहीही असो, सगळे त्याला 'थांबा' म्हणतात. दर दोन मिनिटांनी म्हणतोच तो तसं."

आम्ही त्यांना थांबाभाऊ म्हणायला लागलो. पन्नाशीचे, उंच, काटक. फावडं, कुदळ, घमेलं आणि माती ठोकायचा जड धुमस सायकलला बांधून आणायचे. एक गोष्ट पहिल्याच दिवशी माझ्या नजरेत भरली. त्यांच्या उजव्या कानाला माती लागलेली असायची. हात-तोंड धुतलं तरी कान तसाच. खणायच्या आधी ते आडवे झाले, तो कान जमिनीला लावला, आणि बराच वेळ तसेच पडून राहिले. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच दटावलं.

खड्डा त्यांनी चार दिवसांत एकट्याने खणला. सासूबाईंचा पलंग मागच्या खिडकीशी आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्यांना परस म्हणजे नुसतं हिरवं आणि त्यात हलणाऱ्या सावल्या. तरी दुपारी चहा घेऊन निघाले की विचारायच्या, "दुसऱ्याला नाही दिलास?"

"एकच आहेत हो."

"अगं, तो खणतोय तो वेगळा. काठावर उभा राहून बघतोय, त्याला म्हणतेय मी."

मी खिडकीतून पाहिलं. काठावर कोणी नव्हतं. मोतीबिंदूत एकाचे दोन दिसत असतील, असं मी मनाशी म्हटलं आणि नामस्मरण सुरू केलं. पण चहाचा ट्रे उचलला तेव्हा त्यावर पाच कप होते. आम्ही तिघं आणि ते एक. पाचवा मी केव्हा ठेवला कोण जाणे.

टाकी खड्ड्यात उतरली त्या दिवशी थांबाभाऊंची खरी कारागिरी दिसली. टाकी काळी, प्लास्टिकची, दोन हजार लिटरची. खाली वाळूचा थर अंथरून झाला. मग त्यांनी टाकीत वीतभर पाणी सोडलं आणि नळ बंद केला. बाहेरच्या फटीत वीतभर वाळू भरून ठोकली. पुन्हा आत वीतभर पाणी, बाहेर वीतभर वाळू.

"एकदाच भरून टाका की," हे म्हणाले.

"थांबा. आतून आणि बाहेरून सारखा दाब हवा, नाहीतर टाकी पोटात चेपते." मग वाळू ठोकत म्हणाले, "आणि साहेब, एक लक्षात ठेवा. ही टाकी पूर्ण रिकामी कधी करायची नाही. जमिनीत पाणी चढलं तर रिकामी टाकी खाली राहत नाही. वर येते."

"एवढ्या मातीखालून? ती काय बुडबुडा आहे?"

"बुडबुडाच आहे."

टाकी गुडघाभर भरली तेव्हा नळीचा सांधा आतून आवळायचा होता. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तेलाचा एक दिवा मिळेल?"

खिडकीतून आवाज आला, "काय रे बाबा, टाकीची पूजा घालतोस?"

"नाही मावशी. आत हवा आहे की नाही ते दिवा सांगतो. दिव्याला श्वास घेता आला तर मला घेता येईल."

डब्यात दिवा ठेवून त्यांनी तो तारेने टाकीत सोडला. ज्योत स्थिर राहिली. मगच ते उतरले.

शेवटी टाकीच्या गळ्याभोवती फरशी बसवून झाली आणि झाकणाची वेळ आली, तेव्हा त्यांनी आम्हाला बाहेर बोलावलं. "घरात माणसं किती?"

"तीन."

"तिघंही माझ्यासमोर उभे राहा."

"आई चालत नाही हो," हे म्हणाले.

"मग खुर्चीवर आणा."

दुकानदाराचं बोलणं आठवून आम्ही सासूबाईंना खुर्चीसकट बाहेर आणलं. त्या खूश होत्या, दोन महिन्यांनी ऊन मिळालं होतं. "फोटो काढतोय वाटतं," म्हणत त्यांनी पदर सारखा केला.

थांबाभाऊंनी एकेकाकडे बोट दाखवत मोजलं. "एक. दोन. तीन. चार."

चौथं बोट माझ्या खांद्यावरून मागे गेलं होतं. मी वळून पाहिलं. मागे धुण्याची दोरी आणि भिंत.

"स्वतःला धरून ना?" सासूबाईंनी विचारलं.

"मी स्वतःला धरत नाही," ते म्हणाले. मग एकदम ओशाळले. "तीन. तीनच." त्यांनी झाकण लावलं, थापीच्या दांड्याने त्यावर तीन ठोके दिले आणि कान टेकवून वाट पाहिली. आत काही वाजलं नाही. "ठीक," ते स्वतःशीच म्हणाले.

हे सासूबाईंना घेऊन आत गेले. थांबाभाऊ मागच्या पायरीवर चहा प्यायला बसले, तेव्हा मी सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"भाऊ, चौथं कोण?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"धाकटा भाऊ माझा. अकरा वर्षं झाली. आम्ही जोडीनेच काम करायचो. तो आत उतरला की मी वरून तीन ठोके द्यायचो, म्हणजे बरा आहेस ना? तो खालून एक द्यायचा. त्या दिवशी तो आत तळ पुसत होता. मी विटा आणायला गेलो. परत आलो तर शिडी बाहेर भिंतीला लावलेली. घरमालकाने उचलून ठेवली होती, अडचण होते म्हणून. मला वाटलं, हा वर आला, हात धुवायला गेला. झाकण लावलं. वर माती ओढली. धुमस घेऊन ठोकायला लागलो."

मी उंबरठ्यावर बसले.

"जेवायला बसलो, तर त्याचा डबा तसाच बांधलेला. तेव्हा कळलं. वहिनी, आतून त्याने वाजवलं असणार. पण मी धुमस मारत होतो. त्या आवाजात मला कसं ऐकू येणार?"

मातीने माखलेल्या कानाकडे त्यांचा हात आपोआप गेला.

"तेव्हापासून प्रत्येक झाकणावर तीन ठोके देतो. एकदा जरी खालून एक वाजला ना, तर मी विचार करत बसणार नाही. सरळ उतरणार. दिवा-बिवा काही बघणार नाही. त्याला अकरा वर्षं थांबवून ठेवलंय मी."

ते हे अगदी साध्या आवाजात बोलले. असा माणूस रोज टाक्यांवर कान ठेवतो, आणि त्याला ज्या उत्तराची वाट आहे ते आलं तर त्यातून तो जिवंत परत येणार नाही. त्या संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा मी एकच मागितलं. म्हटलं, देवा, थांबाभाऊंना उत्तर देऊ नकोस. पान पुढे लिहायला घेतलं, पण लिहवेना.

पंधरा-वीस दिवस सगळं ठीक चाललं. मासे अजून आणायचे होते, पाणी माशांसाठी तयार होऊ द्यायचं होतं. मग एका सकाळी ह्यांच्या हातून माशांच्या खाद्याचं अख्खं पोतं टाकीत पडलं. अर्धं काढलं, अर्धं तळाशी बसलं. तीन दिवसांत पाणी नासलं. ह्यांनी मला न सांगता पंप लावून सगळं पाणी गटारात सोडून दिलं. तळाशी वीतभर चिखल राहिला. 'हा सुकला की खरवडून काढीन' म्हणून झाकण लावलं आणि नेमकी पाठ धरली. सहा दिवस पलंगावर. त्याच आठवड्यात मागच्या बाजूच्या कालव्याला पाणी सोडलं, दुरुस्तीसाठी दोन महिने बंद होता. आमच्या भिंतीचा खालचा भाग ओलसर झाला. मला वाटलं, नळ गळत असेल.

सातव्या दिवशी ह्यांची पाठ सुटली. जेवण झाल्यावर जुनी अर्धी विजार घालून, बादली, खराटा आणि शिडी घेऊन हे परसात निघाले. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या.

"झाकण उघडू नकोस! आत कोणीतरी आहे."

"आई, झोप तू."

"अरे, सकाळपासून वाजवतोय तो. मला वाटलं तूच काही ठोकतोयस."

भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. आधी काहीच नाही. मग जमिनीखालून, अगदी स्पष्ट, एक ठोका. बोथट, जणू कोणी बंद मुठीने दार वाजवावं तसा. बऱ्याच वेळाने आणखी एक.

ह्यांच्या हातातली बादली खाली पडली. "उंदीर असेल," हे म्हणाले. पण परसाकडे एक पाऊल टाकलं नाही.

मी थांबाभाऊंना फोन केला. वाजतंय हे मी सांगायला नको होतं. आज कळतं. तेव्हा घाबरले होते, तोंडून निघून गेलं. त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं. मग एवढंच, "किती वेळा?"

"एक. थांबून थांबून एक."

दहा मिनिटांत सायकल फाटकाशी आली. सोबत हत्यारं नव्हती. चेहरा असा की जणू खूप दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला घ्यायला स्टेशनवर आले आहेत. आमच्याकडे न बघता ते थेट टाकीशी गेले, गुडघे टेकले आणि फरशीच्या एका तुकड्याने झाकणावर तीन ठोके दिले.

खालून एक ठोका आला.

"आलो," ते म्हणाले. किती हळू! जसं आपण शेजारच्या खोलीतल्या माणसाला म्हणतो.

त्यांनी झाकण सरकवलं. आतून आंबट, कुजका, गरम वास आला. मी तोपर्यंत देवापुढचा दिवा उचलून आणला होता. त्यांनी मागितला नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदा विसरले असतील. मीच डब्यात ठेवून तारेने खाली सोडला. हातभर खाली गेला आणि विझला. कोणी फुंकर मारल्यासारखाही नाही, नुसता नाहीसा झाला. पुन्हा लावला, पुन्हा तसाच.

"भाऊ, दिवा राहत नाही."

"राहू द्या दिवा." ते शर्ट काढून भिंतीला लावलेली शिडी आणायला वळले.

"अहो, धरा त्यांना!" मी ह्यांना म्हटलं. पण ज्या माणसाची पाठ आजच सुटली तो काय धरणार? हे नुसते "अहो, अहो" करत राहिले.

मग मी जे केलं ते ठरवून केलं नाही. झाकण ओढून घेतलं आणि त्यावर मांडी घालून बसले.

थांबाभाऊ शिडी घेऊन वळले. "वहिनी, उठा."

"नाही."

"तो आत आहे."

"असेल. पण दिवा विझलाय. तुम्हीच सांगितलंत ना, दिव्याला श्वास घेता आला तर तुम्हाला येईल?"

"मला यायला नकोच आहे. उठा म्हणतो ना!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"मला उचलून बाजूला करा, मग जा."

परक्या बाईला हात लावणारा माणूस तो नव्हता. मला ते ठाऊक होतं, त्यावरच मी बसले होते. शिडी हातात धरून ते उभे राहिले. मी म्हणाले, "थांबा." लोक त्यांना ज्या नावाने हाक मारतात त्या अर्थाने नाही. तसंच, जसं कोणालाही म्हणतात. "भाऊ, थांबा."

आणि मग माझ्या खालून ठोका आला. कानाला नव्हे, हाडांना ऐकू आला. त्या पाठोपाठ झाकण हललं.

आधी वाटलं, मला चक्कर येतेय. समोरची भिंत खाली जात होती. मी डोळे घट्ट मिटले, देवाचं नाव घेतलं, उघडले. भिंत अजून खालीच चालली होती. जमीन मला उचलत होती. कण्हल्यासारखा लांब आवाज आला, नळी काडकन तुटली, टाकीच्या गळ्याभोवतीची माती फुगली आणि तिला भेगा पडल्या. मी झाकणावर बसलेली, वीतभर वर, दीड वीत वर. खिडकीतून सासूबाईंचा आवाज, "सूनबाई, तू उंच कशी झालीस?"

थांबाभाऊंच्या हातून शिडी पडली. त्यांचे डोळे टाकीच्या कडेवर खिळले. ओल्या मातीतून काळं प्लास्टिक वर आलं होतं, आणि गळ्याला घासून बसवलेल्या फरशीचा कोपरा दर हेलकाव्याला त्यावर आपटत होता. ठक्. थांबून, ठक्.

"रिकामी केली?" त्यांनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी मान खाली घातली.

त्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला. स्टेशनवर गाडी आली आणि त्यातून कोणीच उतरलं नाही, असा. मग त्यातूनच कारागीर जागा झाला. "वहिनी, सावकाश उतरा. साहेब, नळाला पाइप लावा. आत पाणी सोडा, सगळं. वास घेऊ नका, लांबून सोडा. पळा!"

तासभर पाणी पडत होतं. टाकी हळूहळू, कुरकुरत, थोडी खाली बसली. ते पायरीवर बसून पाहत होते. कान चोळत होते.

"फरशी होती," ते म्हणाले.

"हो."

"पण मी तीन दिले तेव्हा लगेच एकच कसा आला?"

मी म्हटलं, "भाऊ, सकाळपासून वाजत होतं म्हणून ह्यांनी झाकण उघडलं नाही. नाहीतर जेवण झाल्याबरोबर हे आत उतरणार होते. दिवा न सोडता."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. अर्धी विजार, बादली, खराटा. बराच वेळ पाहिलं. मग गुडघ्यांत तोंड घालून बसले. मी आत जाऊन चहा ठेवला, कारण दुसरं काय करणार?

कालव्याचा पाझर उतरल्यावर टाकी उकरून काढली, धुतली, पुन्हा बसवली. या वेळी दोन्ही बाजूंना सिमेंटच्या तुळया पुरून त्यांना पट्ट्यांनी बांधली. आत वीतभर, बाहेर वीतभर, आणि आमचे हे तोंडातून चकार शब्द न काढता पाइप धरून उभे. सासूबाई म्हणाल्या, "टाकीने आमच्या सूनबाईच्या वजनालाही दाद दिली नाही, पट्ट्या जरा जाडच लाव रे बाबा."

झाकणाची वेळ आली. खुर्ची बाहेर आली. थांबाभाऊंनी बोट उचललं.

"एक. दोन. तीन."

बोट माझ्या खांद्याकडे निघालं आणि हवेत थांबलं. मी मागे वळले नाही. ते बोट सावकाश मागे फिरलं, आणि त्यांनी ते स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"चार," ते म्हणाले.

झाकण लावलं. ठोके दिले नाहीत. हत्यारं सायकलला बांधली, आणि मी पाहिलं, त्यांचे दोन्ही कान धुतलेले होते.

ते फाटकातून बाहेर पडले तेव्हा मी सासूबाईंना आत नेत होते. त्यांनी खुर्चीतून मान वळवली आणि डोळे बारीक करून परसाकडे पाहिलं.

"आज एकटाच गेला गं तो."

"हो."

"मग हा टाकीशी बसलाय, ह्याला न्यायचं विसरला की काय? हाक मार ना त्याला."

मी रस्त्याकडे पाहिलं. सायकल कोपऱ्यावर पोचली होती. कधी नव्हे ते थांबाभाऊ मागे न बघता जात होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"राहू द्या, सासूबाई," मी म्हटलं. "परसात जागा आहे."